सही केली खरी, पण...

परवा ऑफिसात परदेशी बायरचा फॉर्म आला, १४ वर्षांखालचं पोर कुठल्याच कामाला लावत नाही असं लिहून द्या. मी चप्पल एक्स्पोर्टचं पेपरवर्क बघतो. साहेब म्हणाले टाक सही, टाकली. पण सही करताना कोल्हापूरच्या सुभाषनगरातलं एक घर डोळ्यासमोर आलं, आदल्या आठवड्यात माल आणायला गेलतो तिथं, आई चपलेची चामड्याची वेणी घालत बसलेली आणि पाचवीतली पोरगी शाळेचा ड्रेस पण न बदलता शेजारी, हात आईपेक्षा भरभर चालत होते. मला बघून आईनं तिला आत पाठवलं.

आता २०१६ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा म्हणतो की घरच्या धंद्यात, धोक्याचं काम नसेल तर, शाळा सुटल्यावर पोरांनी हातभार लावला तर चालतंय. बायरच्या फॉर्मवर मात्र हो किंवा नाही, एवढंच.

मला या फॉर्मचं भ्या वाटतं ते बांगलादेशमुळं. १९९२ ला अमेरिकेत टॉम हार्किन नावाच्या सिनेटरनं बिल आणलं, पोरांच्या हातचा माल आयात करायचा नाही. बिल पास झालंच नाही ओ, नुसत्या धास्तीनं ढाक्याच्या गारमेंटवाल्यांनी पोरं काढून टाकली, युनिसेफचा अंदाज ५० हजारांच्या आसपास. ती काय शाळेत गेली नाहीत, बरीच खडी फोडायला गेली, रस्त्यावर विकायला बसली, काही तर वेश्याव्यवसायात सापडली. मग १९९५ ला करार झाला, आधी शाळेत जागा आणि घरी थोडे पैसे, मगच पोराला कामावरनं काढायचं. एवढं आधी सुचलं असतं तर!

उलट व्हिएतनाममध्ये नव्वदच्या दशकात तांदळाच्या निर्यातीवरची बंधनं सैल केली, शेतकऱ्याला भाव मिळाला आणि पोरांचं काम कमी झालं, कुणी धाड न घालता.

म्हणजे सक्ती नकोच असं नाही. आपल्या शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं शिक्षण आणलंच की, पोरगं शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड, पण शिक्षण फुकट ठेवून. बायरच्या फॉर्मवर दंडच दंड आहे, त्या बाईला जोडामागं काय पडतं हा रकानाच नाही.

साहेबांना म्हटलं, वेणीचा रेट वाढवूया काय? म्हणाले, बायरला आधी वाढवू दे. सोमवारी परत माल आणायला जायचंय.