टाक्यांच्या वेल्डिंगपासून मेम्ब्रेनपर्यंत : आमची वाटचाल

वरुड तालुक्यात आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सुरुवातीची वर्षं ट्रॉल्या, टिनाचे शेड आणि गोबर गॅसच्या लोखंडी टाक्या करण्यात गेली. टाक्या दुरुस्त करता करता गॅस कळत गेला. त्यात मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शेगडीला तो चालतो. गाडीत भरायचा तर मिथेन किमान ९० टक्के लागतो. २०१८ मध्ये असा शुद्ध केलेला गॅस गाड्यांसाठी विकत घेण्याची केंद्र सरकारची 'सतत' योजना आली, विचारणा वाढली आणि आम्ही मेम्ब्रेनच्या, म्हणजे गॅसमधला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणाऱ्या पडद्याच्या, कामात उतरलो.

मेम्ब्रेन आम्ही विकत आणतो. पॉलिमरचे केसासारखे पोकळ धागे, एकेका नळीत हजारोंनी भरलेले. पाहायला येणारे त्याला गाळणी समजतात, पण गॅस काही भोकांतून गाळला जात नाही. दाबाखाली कार्बन डायऑक्साइड त्या पॉलिमरमध्ये विरघळतो आणि पलीकडे निघतो. मिथेन कमी विरघळतो, त्याचा रेणूही थोडा मोठा, म्हणून तो बराचसा अलीकडेच राहतो.

आमची खरी मेहनत मेम्ब्रेनच्या आधी आहे. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा, लोखंड खाणारा वायू, काढायला गंजलेल्या लोखंडाच्या किसाचा ड्रम लावतो. तांबडा कीस काळा पडत वर चढला की बदलायचा. आमची पोरं काचेतून रोज पाहतात. इकडे संत्रा भरपूर, म्हणून साल टाकीत घालू का, असं हमखास विचारतात. सालीच्या तेलातलं लिमोनीन हे वासाचं द्रव्य मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक असतं, आणि त्याची वाफ धाग्यांपर्यंत पोचली तर महागाचं मेम्ब्रेन हातचं जातं. म्हणून मध्ये सक्रिय कोळशाचा ड्रम आम्ही कधीच वगळत नाही, गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो.

दुसरं संकट उन्हाचं. नवतप्यात पारा ४५ च्या वर, त्यात कॉम्प्रेसरमधून गॅस आणखी तापून निघतो. धागे तापले की गॅस भराभर पलीकडे जातो, पण निवड ढिली पडते आणि मिथेनही निसटतो. त्यात शेतकऱ्याचं नुकसान आहेच; शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. म्हणून गॅस आधी थंड करून पाणी काढतो, मग मेम्ब्रेनच्या दोन टप्प्यांतून नेतो, आणि दुसऱ्या टप्प्यातून निसटलेला गॅस परत कॉम्प्रेसरकडे वळवतो. वीज जास्त लागते, तरी ही जोडणी आम्ही सोडत नाही.

चार-सहा जनावरांच्या गोठ्याला आम्ही हे देत नाही. त्यांचा गॅस शेगडीलाच बरा. पंचक्रोशीतलं शेण एका जागी येत असेल आणि तीन फेज वीज भरवशाची असेल, तर जागा पाहायला आम्ही येतो.