‘जी’ लावला आणि गट गायब

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या नोंदी एकाच लांबलचक मजकुरात होत्या, ‘बी-२०४ : ३५००’ अशा एकापुढे एक. विंग, फ्लॅट नंबर आणि रक्कम वेगळी काढायची म्हणून जावास्क्रिप्टमध्ये रेजेक्स, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना, लिहिला आणि तिन्ही तुकड्यांना कंस घातले; कंसातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक गट. एका नोंदीवर मॅच हे शोधायचं फंक्शन चालवून पाहिलं, झकास. शून्याव्या जागी अख्खी नोंद, पुढे १, २, ३ वर विंग, नंबर, रक्कम.

मग सगळ्या नोंदी हव्यात म्हणून रेजेक्सच्या शेवटी जी फ्लॅग, म्हणजे ‘सगळ्या जुळण्या शोध’ असं सांगणारं अक्षर, लावला. इथे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. नोंदी सगळ्या आल्या, पण अख्ख्याच्या अख्ख्या. विंग वेगळी नाही, रक्कम वेगळी नाही. एररही नाही, त्यामुळे शोधायचं कुठे तेच कळेना. मला वाटलं कंसच चुकलेत. ते हलवले, पॅटर्न पुसून नव्याने लिहिला, पुन्हा तेच. पॅटर्न पहिल्यापासून बरोबर होता! जी असला की मॅच फक्त पूर्ण जुळण्यांची यादी देतं, कंसातले गट टाकून देतं. नियमच तसा आहे. पण एका अक्षराने उत्तराचं रूपच बदलावं आणि कुठे साधी सूचनाही मिळू नये, याचा मला अजून राग येतो.

कुणी एक्झेक सुचवलं; ते दर वेळी एकच जुळणी देतं, पण गटांसकट. ते मी व्हाइल लूपच्या अटीतच रेजेक्स लिहून वापरलं आणि ब्राउझरचा टॅब अडकला. दर फेरीला नवा रेजेक्स तयार होतो, त्याचा लास्टइंडेक्स, म्हणजे पुढचा शोध जिथून सुरू होतो ती जागा, शून्य, म्हणून पहिलीच नोंद पुन्हा पुन्हा सापडत राहते. रेजेक्स लूपच्या बाहेर व्हेरिएबलमध्ये ठेवा.

सुटका झाली ती मॅचऑलने; ते सगळ्या जुळण्या गटांसकट देतं. २०२० पासून ते भाषेत आहे. त्याला जी लावावाच लागतो, नाहीतर टाइपएरर येते. निदान ती सांगते तरी. फॉर-ऑफ लूप फिरवला आणि कन्सोलवर बी, २०४, ३५०० सुटे दिसले, तेव्हा कुठे जेवायला उठलो.

गटांना नावं द्या, २०१८ पासून ती सोय आहे. मी नंतर दिली, आधी द्यायला हवी होती; मधे एक कंस वाढला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. नुसता पर्याय म्हणून घातलेल्या कंसात सुरुवातीला प्रश्नचिन्ह आणि कोलन टाका, म्हणजे तो मोजला जात नाही.

आणि हो, खजिनदारकाकांनी काही रकमा मराठी आकड्यांत टाइप केल्या होत्या. बॅकस्लॅश डी ही रेजेक्समधली आकड्याची खूण, पण ती फक्त इंग्रजी आकडे ओळखते. चौकटी कंसात तिच्या शेजारी ०-९ हे मराठीतून लिहिलं, तेव्हा त्या नोंदी सापडल्या.