आमची वाटचाल : एका फोटोपासून गोष्टीपर्यंत

जळगावातील आमचा स्टुडिओ वडिलांनी उभा केला, तो पासपोर्ट फोटो, शाळांचे वर्गफोटो आणि लग्नाच्या ऑर्डरी यांच्या बळावर. एका रोलमध्ये ३६ फोटो निघत, त्यामुळे लग्नघरी पोहोचण्यापूर्वीच कोणत्या विधीला किती फोटो द्यायचे याचा हिशेब ते मनाशी करून ठेवीत, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत काहीही तुटू न देता तो पाळीत. मालिकेचा विचार आमच्या कामात शिरला तो या काटकसरीतून, असे मी मानतो. पुढे डिजिटल कॅमेरा आला, एकेका लग्नात हजारो फोटो निघू लागले, करिझ्मा अल्बम, म्हणजे फोटो थेट पानांवरच छापलेले अल्बम, जाड होत गेले आणि पाहुणे ते भराभर उलटून बाजूला ठेवू लागले. फोटो वाढले, पण त्यांतली गोष्ट हरवली.

ती परत कशी आणावी, हे आम्हांला रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक कुटुंबाच्या कामाने शिकवले. मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलांसाठी त्यांना बागेचे फोटो हवे होते. ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेले, टिश्यूकल्चरचे) रोप लावल्यापासून घड कापणीला येईपर्यंत साधारण वर्ष जाते, म्हणून आम्ही वर्षभर अधूनमधून जात राहिलो. बांधावरची एकच जागा ठरवून तेथून प्रत्येक वेळी संपूर्ण बाग टिपायची, मग माणसे कामात असताना मध्यम अंतरावरून आणि शेवटी हात, विळा, केळफूल, ठिबकची नळी यांच्या अगदी जवळ जायचे, अशी पद्धत बसवली. जागा तीच राहिल्यामुळे किती काळ गेला हे वेगळे लिहून सांगावे लागत नव्हते.

कापणीच्या तोंडावर वादळ झाले आणि बागेचा मोठा भाग आडवा झाला. पुढे छापील फोटो ओसरीवर मांडून क्रम लावायला बसलो, तेव्हा घरातच दोन मते पडली. काका म्हणाले, पडलेल्या बागेचा फोटो काढून टाका, मुलांना कशाला दाखवायचा. आजींनी मात्र तो हातात धरून ठेवला. पीक गेले तेही पोरांनी पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तो फोटो शेवटी ठेवला असता, तर संपूर्ण मालिका नुकसानीची झाली असती आणि वगळला असता, तर ती जाहिरात झाली असती. तो जेथे घडला तेथेच, म्हणजे उभ्या बागेनंतर आणि उरलेले घड खांद्यावरून वाहणाऱ्या मजुरांच्या आधी ठेवला, तेव्हा त्या कुटुंबाचे वर्ष जसे गेले तसे दिसले. फोटो तेच असूनही क्रमामुळे अर्थ बदलतो, म्हणून घटनेचा काळ उलटापालटा करायचा नाही, हा नियम आम्ही तेव्हापासून कधीही मोडलेला नाही.

आमच्याच जिल्ह्यात चाळीसगावला राहून कलामहर्षी केकी मूस यांनी टेबलावर लहान वस्तू मांडून एकाच चौकटीत अख्खे दृश्य उभे करण्याची कला साधली. त्यांचे काम पाहिल्यावर एक फोटो किती बोलू शकतो ते कळते. ज्या गोष्टीला काळ लागतो, तिला मात्र एक चौकट पुरत नाही. खान्देशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाचेच घ्या : दळण, रोट, गावोगावाहून जमणारी भाऊबंदकी, स्थापना, रात्रीची गाणी आणि दुसऱ्या दिवशीचे विसर्जन. नुसता देवीचा फोटो पाहून यातले काय कळणार? या कामात आम्ही निवडीला टिपण्यापेक्षा जास्त वेळ देतो. एकच गोष्ट सांगणारे दोन फोटो असतील, तर सुंदर असला तरी एक काढतो.

दत्तजयंतीला भरणाऱ्या आणि घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या सारंगखेड्याच्या यात्रेसाठी घोडे तयार करणाऱ्यांचे काम अलीकडे आमच्याकडे येऊ लागले आहे. घोडा उभा कसा दिसतो हे एका फोटोत येते, चाल येत नाही. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली कॅलिफोर्नियात १२ कॅमेरे ओळीने लावून धावत्या घोड्याचे टप्पे टिपले आणि एका क्षणी त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात हे दाखवले. आज तेवढे एका कॅमेऱ्याने साधते, पण तत्त्व तेच आहे. रेवाल, म्हणजे स्वाराला धक्का न देणाऱ्या भरभर चालीतला एकेक पाय कधी उचलला जातो आणि कधी टेकतो, ते दाखवणारे मोजके फोटो आम्ही एका लांब पट्टीवर ओळीने छापून देतो. घोडा आणि कॅमेरा यांतले अंतर सर्व फोटोंत सारखे ठेवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला दोन घोड्यांच्या पट्ट्या शेजारी ठेवून चाल ताडून पाहता येते. दत्तजयंतीपूर्वीच्या महिन्यात आता या पट्ट्यांच्या ऑर्डरी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतूनही येतात.