ॲन आर्बरची बारव

आपल्याकडे बारव बघायला जाताना दुरून काही म्हणता काही दिसत नाही. शेताच्या बांधावरून चालत राहायचं, आणि मग एकदम पायाशीच पायऱ्या खाली उतरत गेलेल्या दिसतात. २०२४ च्या सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात मला तीच आठवण झाली. मिशिगन विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम रस्त्यावरून अगदीच बुटकं वाटतं. दारातून आत शिरले आणि पुढची जमीनच संपली! खाली, खोलवर हिरवं मैदान, आणि चारही बाजूंनी काठोकाठ माणसं.

"आत्या, खाली बघून उतर," भाचा म्हणाला. तो इथेच शिकतो.

१ लाख ७ हजार ६०१ माणसं बसतील एवढं हे स्टेडियम. तीन वानखेडे एकत्र भरले तरी कमीच. आणि कोविडचं वर्ष सोडलं तर १९७५ पासून इथल्या एकाही सामन्याला गर्दी लाखाच्या खाली गेलेली नाही. हे सगळं कॉलेजच्या मुलांच्या खेळासाठी! बारव म्हटलं ते उगीच नाही. स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीखाली आहे, आणि १९२७ मध्ये बांधलं तेव्हा इथल्या जमिनीत पाण्याचे झरे होते. त्या चिखलात एक क्रेन रुतली आणि ती अजून मैदानाखालीच आहे, असं इथले लोक सांगतात.

हे उभं केलं फील्डिंग योस्ट यांनी. १९०१ मध्ये ते प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच हंगामात त्यांच्या संघाने ५५० गुण केले. समोरच्या सगळ्या संघांचे मिळून शून्य. त्या हंगामाचा शेवट झाला रोझ बोल नावाच्या पहिल्यावहिल्या सामन्यात, स्टॅनफर्डला ४९-० असं हरवून.

आम्ही गेलो त्या दिवशी समोर मिनेसोटा विद्यापीठ होतं, आणि पणाला लागली होती एक बरणी. हो, बरणीच! १९०३ मध्ये मिनेसोटाच्या गावी, मिनियापोलिसला सामना होता. तिथलं पाणी प्यायला योस्ट यांचं मन धजेना, म्हणून त्यांनी ३० सेंटला एक मोठी बरणी विकत आणवली. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला, लोक मैदानात घुसले आणि त्या धांदलीत बरणी तिथेच राहिली. परत हवी असेल तर जिंकून न्या, असं मिनेसोटाने बजावलं. १९०९ मध्ये मिशिगनने ती खरंच जिंकून आणली. तेव्हापासून ती ये-जा करते आहे. मी ती लांबूनच पाहिली. आजीच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरणीसारखीच, दोन्ही विद्यापीठांच्या रंगांत रंगवलेली.

मला मात्र या मैदानातली दुसरी गोष्ट जास्त भिडली. १९३२ आणि १९३३ च्या विजेत्या संघांत विलिस वॉर्ड नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. १९३४ च्या ऑक्टोबरात जॉर्जिया टेक हे विद्यापीठ इथे खेळायला येणार होतं. वॉर्ड असेल तर आम्ही खेळणार नाही, असं त्यांनी कळवलं. विद्यार्थ्यांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. पण विद्यापीठाने मान तुकवली. योस्ट तेव्हा क्रीडा संचालक होते. बाहेरगावच्या सामन्यांना वॉर्डच्या खोलीत राहणारा त्याचा मित्र जेराल्ड फोर्ड संघ सोडायला निघाला होता. तू खेळ, असं त्याला वॉर्डनेच सांगितलं. मिशिगन ९-२ असं जिंकलं, आणि त्या अख्ख्या हंगामात तो एवढा एकच विजय. फोर्ड पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९९९ मध्ये, उतारवयात, त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलेल्या लेखात वॉर्डची आठवण जागवली. इतकी वर्षं ते त्यांना बोचत राहिलं असणार.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. त्याला पाठ होतं ते २०२३ चं: एक हजार विजयांचा टप्पा, कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत आधी. शिवाय १५ पैकी १५ सामने जिंकून मिळवलेलं विजेतेपद. ते मोठं आहेच. पण हजार विजयांत तो ९-२ सुद्धा धरलेला आहे, आणि तो मोजताना वॉर्डचं नाव घेतलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या क्वार्टरला मिशिगन २४-३ असं पुढे होतं. मग मिनेसोटाने असा काही पाठलाग केला की शेजारच्या आजींनी माझा हातच घट्ट धरला. ओळख ना पाळख! अखेर २७-२४. आजी उठून नाचायला लागल्या, आणि खाली मुलं बरणीकडे धावली.

मग लाखभर माणसं हळूहळू पायऱ्या चढायला लागली. आजींचे गुडघे दुखत होते, म्हणून एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाचा, असं आम्ही त्यांना धरून वर आणलं. रस्त्यावर येऊन मागे पाहिलं, तर पुन्हा नुसता काठ दिसत होता.