केळ्याचा शेंबूड

नववीतली भाची रविवारी सकाळी आली तीच विचारत, "मावशी, पिकलेली केळी आहेत?" तिला केळ्यातला डीएनए, म्हणजे पेशींमधला आनुवंशिकतेचा रेणू, काढून बघायचा होता. शिकरणीसाठी दोन काढून ठेवली होती. त्यातलं एक तिने पिशवीत घालून चेचलं आणि वर मीठ, कोमट पाणी नि भांडी घासायचं लिक्विड ओतलं. साबणाने पेशीचं स्निग्ध आवरण फुटतं हे मलाही ठाऊक आहे, पण केळ्यात साबण जाताना बघून पोटात कालवलंच.

चहाच्या गाळणीने गाळलं. मग मटारांशेजारी फ्रीझरमध्ये ठेवलेलं स्पिरिट तिने पेल्याच्या कडेने, अभिषेकाची धार धरावी तसं, सावकाश सोडलं. (गॅस बंद आहे ना, मी दोनदा पाहिलं.) दोन थरांच्या मध्ये पांढुरके धागे उगवले. टूथपिकवर गुंडाळून तिने ते वर काढले. डीएनए!

आई डोकावली. "अगं बाई, हा तर शेंबूड!"

भाची हिरमुसली. पुस्तकात डीएनएची पिळदार रंगीत शिडी असते. "मावशी, शिडी कुठंय?"

शिडी जेमतेम 2 नॅनोमीटर रुंद. एका केसाच्या जाडीत अशा हजारो शेजारी-शेजारी मावतील. टूथपिकवर होता तो असंख्य शिड्यांचा गुंता, त्यात थोडी प्रथिनं आणि फळातलं चिकट पेक्टिनही आलं असणार. शिडीचा एकेक घटक म्हणजे न्यूक्लिओटाइड: साखर-फॉस्फेटच्या दांड्याचा तुकडा आणि अर्धी पायरी. ही अर्धी पायरी चार प्रकारची: ए, टी, जी, सी. उरलेली अर्धी समोरून येते: ए समोर टी, जी समोर सी. दोन्ही अर्ध्या हायड्रोजन बंध नावाच्या हलक्या दुव्यांनी जोडलेल्या; ए-टीला असे दोन, जी-सीला तीन, म्हणून ती जोडी जरा चिवट. यातला जी म्हणजे ग्वानिन. तो ग्वानोत, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेत, सापडला म्हणून हे नाव. हे ऐकून मात्र तिची कळी खुलली.

मग डीएनए पहिल्यांदा वेगळा काढणाऱ्या मीशर या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. 1869 साली जर्मनीत ट्युबिंगेनच्या किल्ल्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात फ्रीडरिश मीशर इस्पितळातून आणलेली बँडेजं धूत बसायचा. त्यांवरच्या पुवातल्या पेशींमधून त्याला जे मिळालं, त्याला तो न्यूक्लीन म्हणाला. शिडीचा आकार कळायला 1953 उजाडलं. तोवर चौऱ्याऐंशी वर्षं सगळ्यांच्या हाती आईने पाहिला तसलाच ऐवज होता.

"पू?" आई म्हणाली. "माझ्या ओट्यावर हा विषय नको."

उरलेल्या एका केळ्याची शिकरण झाली. गाळणी आईने तीनदा धुवायला लावली.