दुभत्याच्या कपाटाचे दोन पाय

आजीचं दुभत्याचं कपाट आमच्याकडे अजून आहे. सागवानी, साडेचार फूट उंच, तीन बाजूंनी जाळी, आत तीन फळ्या. फ्रिज यायच्या आधी दूध, साय, लोणी सगळं त्यातच असायचं, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाणी भरलेल्या दगडी वाट्यांमध्ये. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, नारायण पेठेतल्या वाड्यात हे कपाट चिखलात आडवं पडलं होतं, आजोबांनी धुऊन पुसून वाळवलं आणि परत उभं केलं, साधी फळीसुद्धा वाकली नाही म्हणे. पण वाटीतलं ते रोजचं पाणी मात्र शेवटी बाधलं. साग सहज कुजत नाही, तरी कित्येक वर्षं पायाचं टोक सतत ओलं राहिलं आणि पाणी खालून रेघांमधून वर चढत गेलं. या दिवाळीत साफसफाईला सरकवलं तर मागच्या दोन पायांचे खालचे चार-चार इंच हातात भुसा होऊन आले.

सुतारकाका म्हणाले, ताई, कुठलंही लाकूड जोडतो, वर डार्क पॉलिश मारतो, कळणार पण नाही. माझं मन तयार होईना. मागचे पाय असले म्हणून काय झालं, कपाट खिडकीजवळ असतं, बाजूने दिसतात, आणि रंग लपवता येतो पण रेघा नाही लपत. तेव्हा ठरवलं, तसंच लाकूड शोधायचं.

पहिली चक्कर अर्थातच भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. तिथे पहिला प्रश्न, किती घनफूट पाहिजे? मी घरून हिशोब करून गेले होते. पाय दोन इंच बाय दोन इंच, एकेक तुकडा सांध्यासकट सव्वा फुटाचा धरला तर दोघांचे मिळून तीस इंच, म्हणजे १२० घनइंच, आणि एका घनफुटात १,७२८ घनइंच. म्हणजे ०.०७ घनफूट! तरी एका दुकानदाराने कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग दाखवला आणि शांतपणे शोधू दिलं, त्याचं मला फार कौतुक वाटलं. तिथे नावं ऐकायला मिळतात ती सगळी जागेची, बर्मा, सीपी, दांडेली, घाना. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, तो प्रांत जाऊन कितीतरी वर्षं झाली पण बल्लारशा-आलापल्लीकडच्या सागाला बाजारात अजून सीपीच म्हणतात. बर्मावाल्यांना मात्र दोन प्रश्न विचारावेत, कारण म्यानमारने २०१४ च्या एप्रिलपासून अखंड ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय, तेव्हा समोरचा माल नेमका कुठून आणि कधी आला हे विचारायला लाजू नये.

मी एक तुकडा घेतला, घरी रंधा मारला तर हिरवट-पिवळा निघाला, आपल्या कपाटाशी काही मेळच नाही. इथे बरेच जण घाबरतात, पण सागाचं तसंच असतं, ताजा रंधलेला साग हिरवट आणि डागाळलेला दिसतो, उजेड लागला की सोनेरी-तपकिरी होत जातो. म्हणून रंगावरून लगेच निकाल देऊ नका, तुकडा उन्हात ठेवा. मी दहा दिवस बाल्कनीत ठेवला आणि रंग खरंच बराच जवळ आला. जमलं नाही ते दुसरंच.

लाकडाचं टोक आडवं कापून घासलं की गोल रेघा दिसतात. साग पानं गाळणारं झाड, पावसाळ्याबरोबर नवी वाढ सुरू झाली की मोठ्या छिद्रांची एक ओळ पडते, म्हणून त्याच्या वर्षांच्या रेघा अगदी स्पष्ट मोजता येतात. आजीच्या कपाटाच्या पायात एका इंचात मी अकरा रेघा मोजल्या. नव्या तुकड्यात चार. म्हणजे ते जुनं झाड जंगलात सावकाश वाढलेलं आणि हे लागवडीतलं, भराभर वाढलेलं. नवं लाकूड कमजोर असतं असं मी म्हणत नाही, सागात जलद वाढलेलं झाडही चांगलं मजबूत असू शकतं, पण पॉलिशखाली रुंद पट्टे आणि बारीक रेघा शेजारी शेजारी आल्या की डोळा तिथेच अडकतो.

मग जुनं लाकूड. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक ऑइलपेंट मारलेली चौकट मिळाली, विकणारा म्हणाला शंभर टक्के सागवान. चाकूने कोपरा खरवडला. सागाला नव्या चामड्यासारखा एक वास असतो, लाकूड कितीही जुनं असो, आतला थर उघडला की तो येतो, आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. याला वासच नव्हता, वर उचलायला फार जड, टोकाला रेघांच्या ओळी पण नाहीत. बहुतेक ऐन होता, म्हणजे दुसऱ्याच एका झाडाचं लाकूड. ऐन वाईट नाही, पण मला नको होता, ठेवून दिला.

शेवटी मिळालं ते सदाशिव पेठेत, एक वाडा उतरवत होते तिथे. कडीपाटाच्या, म्हणजे जुन्या लाकडी छताच्या, कड्या रस्त्याच्या कडेला रचलेल्या, काळ्याकुट्ट, धुराने आणि धुळीने माखलेल्या. ते बघून पोटात कालवतं, खोटं कशाला बोलू, कुणाच्या तरी माजघराचं छत होतं ते. मुकादमाला विचारून एका कडीचं तुटकं टोक खरवडलं आणि तो वास आला! दोन फूट नऊ इंचाचा तुकडा, तीन बाय चारचा, एका इंचात दहा ते बारा रेघा. साडेसहाशे रुपयांत दिला.

जुनं लाकूड घेतलं की आधी लोहचुंबक फिरवायचं, हे लक्षात ठेवाच. माझ्या तुकड्यात तीन खिळे आत तुटून बसले होते, वरून काहीच दिसत नव्हतं. असा खिळा रंध्याच्या पात्याखाली आला तर पातं गेलं. शिवाय लोखंडाने लाकूड भोवती काळं पडतं, तो डाग खोल जातो, तेवढा भाग सोडूनच कापावं लागतं. म्हणून गरजेपेक्षा मोठा तुकडा घ्या.

काकांना आता उत्साह आला होता. सपाट टोकाला टोक चिकटवलं तर ते टिकत नाही, टोकाची छिद्रं फेविकॉल पिऊन टाकतात, म्हणून दोन्हीकडे तिरका काप घेतला, दोन इंच जाडीला आठ इंच लांब, म्हणजे रेघेला रेघ लांबीत चिकटते. चिकटवण्याआधी दोन्ही तोंडं थिनरने पुसली, कारण सागाचं तेल वर आलं की फेविकॉल धरत नाही, आणि पुसल्यावर लगेच चिकटवायचं, उद्यावर ठेवायचं नाही. एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली, टोकाच्या रेघांचा कल जुन्या पायात जसा होता तसाच नव्यात ठेवला. तुकडा नुसता फिरवला तरी समोरची बाजू वेगळी दिसते, एकीकडे सरळ रेघा आणि एकीकडे डोंगरासारखे आकार. यात काकांचा अर्धा तास गेला, तेवढा जाऊ द्यावा. एक रात्र क्लॅम्पमध्ये, मग रंधा, मग लाख-स्पिरिटचं पॉलिश कापडाच्या बोळ्याने पाच हात.

सांधा दिसतो का? उजव्या पायाला दिसत नाही. डाव्याला बोट फिरवलं की एक बारीक तिरकी रेघ लागते आणि सकाळच्या उन्हात नवीन भाग जरासा फिका वाटतो. दर आठवड्याला बघतेय, थोडा थोडा गडद होतोय.

दगडी वाट्या आईने घासून ठेवल्यात, पण त्यात पाणी आता नाही, पायांखाली तांब्याच्या पातळ चकत्या बसवल्यात. कपाट परत खिडकीपाशी आलं त्या दिवशी आईने विरजणाचं भांडं फ्रिजमधून काढलं आणि मधल्या फळीवर ठेवलं.