प्रशिक्षण : 0 रुपये

मी कोल्हापुरात सीए आहे. बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करणं हा रोजचा धंदा. कर्ज किती हवं ते आधी ठरतं, आकडे मागून येतात, हे बाहेर कुणी बोलत नाही.

गेल्या जुलैत एका तरुणाचा रिपोर्ट केला. फिटनेस स्टुडिओची फ्रँचायझी घ्यायची होती, फी 8 लाख. माहितीपत्रकात ‘प्रारंभिक प्रशिक्षण विनामूल्य’ असं होतं. मी त्या ओळीसमोर शून्य टाकलं.

जानेवारीत, उद्घाटनाला दोन दिवस असताना, तो वडिलांना घेऊन ऑफिसात आला. हातात बिलांची पिशवी. तयार केलेल्या तीन ट्रेनरपैकी एक सोडून गेला होता.

आम्ही बिलं मांडली. विनामूल्य होतं ते फक्त शिकवणं. मालक आणि तीन ट्रेनर, बेंगळुरूत 21 दिवस. माणशी रोज 900 रुपये राहण्याचे, म्हणजे 75,600. जेवण 42,000. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जाणं-येणं आणि तिथल्या रिक्षा धरून 10,400. शिवाय पोरांचा पगार महिना 22,000 प्रत्येकी, आणि फर्निचरवाल्यानं रखडवल्यामुळे तो अडीच महिने बसून द्यावा लागला : 1,65,000. झाले 2,93,000. सोडून गेलेल्याच्या जागी नवा पाठवायचा तर कंपनी 35,000 अधिक जीएसटी घेणार, म्हणजे 41,300. ते कलम करारात शेवटून दुसऱ्या पानावर होतं.

माझी खरी चूक पुढेच. जुलैच्या रिपोर्टात फीवरच्या 18 टक्के जीएसटीचं, 1,44,000 रुपयांचं, क्रेडिट मिळणार, म्हणजे भरलेला तो कर जिमच्या पुढच्या करातून वजा होणार, असं मी धरलं होतं. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला, पण क्रेडिट बंद झालं. मी पेपरात फक्त पहिला अर्धा भाग वाचला. करारावर सही झाली ऑक्टोबरात. मी मात्र ती शीट पुन्हा उघडलीच नाही.

“सर, ह्यावर लोन?”

बँकेच्या मॅनेजरना फोन लावला. म्हणाले, ट्रेडमिलवर कर्ज मिळतं, माणसं घडवायला नाही. वर मलाच सल्ला, प्रशिक्षण मालमत्तेत दाखवा. तसं दाखवता येत नाही, लेखा मानक 26 मध्ये स्पष्ट लिहिलंय : प्रशिक्षण हा ज्या त्या वर्षाचा खर्च. मॅनेजर लोकांना हे कुणी शिकवत नाही, की माहीत असून बोलतात, कोण जाणे.

म्हातारे जुने पैलवान. इतका वेळ गप्प होते. म्हणाले, “आमच्या टायमाला वस्तादास्नी गुरुपौर्णिमेला नारळ न् फेटा. झाली तालीम.”

पोरानं सोडून गेलेल्या ट्रेनरच्या बॉन्डचा स्टॅम्प पेपर काढला : मधेच सोडलं तर 50,000 भरायचे. म्हटलं, 22,000 पगाराच्या मुलावर दावा लावलास तर आधी वकील जेवेल. सकाळची बॅच त्यानं स्वतः घ्यायची ठरली. तोही 21 दिवस शिकलाच होता की.

फेब्रुवारीत दुसऱ्या एका जिमचं पगारपत्रक हिशोबाला आलं. तेही माझेच अशील. त्यात त्या ट्रेनरचं नाव होतं, पगार 28,000. सोबत बेंगळुरूच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडलेली. एका अशिलाचं दुसऱ्याला सांगता येत नाही. मी टीडीएस तपासला, सही केली. परवा तो पोरगा विचारत होता, “सर, कुठं गेला असेल हो तो?”